पायपुसण्याखाली

पलंगाच्या पायथ्याशी, मागच्या चाकाच्या कमानीला लागून, जेमतेम दोन वितींची एक जागा होती. तिथे पाय पडला की जमीन किंचित लवायची. मोडायची नाही, करकरायची नाही, नुसती लवायची. पिकत आलेल्या फळावर अंगठा टेकवला की साल आत जाते ना, तशी. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा मी रात्री पाणी प्यायला उठले होते, अनवाणी. पाय उचलला, पुन्हा टेकवला, टाचेने दाबून पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर एक पायपुसणं टाकलं. जाड, खालून रबराचा थर असलेलं. घसरत नाही म्हणून बरं, असं स्वतःला सांगितलं. पुढची दोन वर्षं ते तिथेच होतं.

मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, पोटात पुढे जे जे सापडलं त्याचं वाईट वाटलं, दमायला झालं, काही वेळा रडूही आलं. पण अजून टोचतं ते हे पायपुसणं.

ते उचलायची वेळ आली एका पंक्चरमुळे. नवऱ्याने मागच्या चाकाजवळ, नेहमीच्या जागी जॅक लावला आणि दांडा फिरवायला सुरुवात केली. मी शेजारी उभी होते. जॅक चढत होता, गाडी मात्र जागची हलत नव्हती. मग वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा आवाज आला आणि तळहाताएवढा एक खपला खाली पडला. उचलून पाहिला तर त्याचे पापुद्रे सुटत होते, ओली होऊन वाळलेली वही उलगडावी तसे. गाडी वर जायच्याऐवजी जॅकच गाडीत शिरला होता. आम्ही दोघं काही वेळ काहीच बोललो नाही. मग तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "वर पलंगापाशीही मऊ लागतं गं." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "तू पायपुसणं टाकलंस तेव्हा वाटलं, तुलाही माहीत असणार."

दोन वर्षं आम्ही दोघंही त्या जागेला वळसा घालत होतो, एकमेकांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने.

गाडी सत्तावीस वर्षांची. तिच्यातली शेवटची नऊ आमच्याकडची. इतक्या वर्षांत तिचं इंजिन आम्हाला आवाजावरून कळायला लागलं होतं, कुठलं कपाट वळणावर उघडतं ते पाठ होतं, पण पोटाखाली आडवं पडून नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तरी एक काळाभोर, एकसंध, डांबरी लेप दिसला असता आणि समाधान वाटलं असतं. असा लेप पाहिला की माणूस निश्चिंत होतो. आता हातात टोच्या आणि हातोडी घेऊन खाली सरकले तेव्हा कळलं की लेप जागोजागी लोखंडापासून सुटलेला आहे, त्याच्या मागे पोकळी आहे आणि पोकळीत पाणी आहे. टोच्या लावला की काळ्या फोडातून तपकिरी पाण्याची बारीक धार मनगटावरून कोपरापर्यंत यायची. त्या लेपाने बाहेरचं पाणी आत येऊ दिलं नसेल काही वर्षं. पण एकदा बारीक चीर पडल्यावर आत शिरलेलं पाणी त्याने बाहेरही जाऊ दिलं नाही. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोकळ तुकड्यांना तळाशी छिद्रं ठेवलेली असतात, साचलेलं पाणी निथळून जावं म्हणून. आमच्या गाडीची ती सगळी छिद्रं याच लेपाने बुजली होती. कोणीतरी काळजीपूर्वक, दोन हात देऊन बुजवली होती.

हातोडीने ठोकत जायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. बाबा सुतार होते आणि लाकूड कानाने घ्यायचे. फळी उभी धरायची, बोटाच्या पेराने वरून खालपर्यंत ठोकत जायचं, आणि जिथे खणखणीत आवाज अचानक बद्द होतो तिथे खडूने खूण करायची. उतारवयात त्यांना ऐकू येईना, तेव्हाही ठोकणं सुटलं नाही. एका हाताने ठोकायचे आणि दुसऱ्या हाताचा तळवा फळीच्या पाठीला लावून डोळे मिटायचे. मी विचारलं होतं की कळतं का. ते म्हणाले होते की आवाज आधी लाकडातच असतो, कानात नंतर येतो. गाडीखाली उताणी पडून, नाकातोंडात गंजाची भुकटी जात असताना, मी तसंच करत होते. डाव्या हाताचा तळवा वर, उजव्या हाताने ठोका. खण्, खण्, खण्, बद्द. खडूची खूण. मागच्या चाकांच्या पुढे तर खुणांचीच रांग झाली. चाकं जे पाणी, चिखल, आणि हिवाळ्यात जिथे रस्त्यांवर मीठ टाकतात तिथलं खारं पाणी उडवतात, ते नेमकं तिथे बसतं. मीठ लोखंडाला खातं असं आपण सहज म्हणतो. खरं म्हणजे गंजायला पाणी आणि हवा एवढंच पुरतं. मीठ त्या पाण्याला वीज वाहायला सोपं करतं आणि सगळा प्रकार भराभर उरकतो. शिवाय खारट जागा सहजी वाळतही नाही.

अशा गाड्यांचा सांगाडा दोन घरांतून आलेला असतो. पुढचा भाग, इंजिन, केबिन, मुख्य चॅसी एका कारखान्यातून येते. मग घर बांधणारे ती मागे लांबवतात, तिला दोन्ही बाजूंनी आडवे हात काढतात आणि त्या हातांवर जमीन टेकवतात. आमच्या गाडीचे उजवीकडचे दोन हात गेले होते आणि त्यांतल्या एकावर आधीच्या कोणी ठिगळ लावलेलं होतं. ते पाहून आधी माझा संताप झाला. गंजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग केलेलं, वर काळा लेप. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. दोन पत्र्यांच्या मध्ये कोंडलेल्या गंजाने नवा पत्राही फुगवून वाकवला होता आणि एका कोपऱ्यात टाका तोडला होता. लोखंडाच्या भुग्यात एवढं बळ असतं हे वाचून माहीत असणं वेगळं आणि तीन मिलिमीटरची पट्टी पोट सुटल्यासारखी पुढे आलेली पाहणं वेगळं. पण ग्राइंडरने ते ठिगळ कापताना वेल्डिंगच्या टाक्यांकडे नजर गेली. एकसारखे, शिंपल्यावरच्या रेघांसारखे एकमेकांवर अलगद चढलेले टाके. उताणं पडून, ठिणग्या अंगावर घेत, डोक्यावरच्या पत्र्याला असं वेल्डिंग करणं किती कठीण आहे हे पुढच्या आठवड्यांत मला कळणार होतं. ज्याने ते केलं तो हाताचा चांगला होता. बहुधा त्याला तेवढाच वेळ दिला होता, किंवा मालकाने तेवढंच मागितलं होतं. मागच्या मालकानेही कदाचित पायपुसणंच टाकलं असेल, पत्र्याचं.

लोखंड खालून कुजत होतं, लाकूड वरून. जमिनीची रचना म्हणजे एक थर प्लायवुडचा, मधे फोम आणि त्यात बसवलेल्या लाकडी पट्ट्या, आणि तळाला पुन्हा पातळ प्लाय. सगळं एकमेकांना चिकटवून केलेलं, हलकं आणि एरवी भक्कम. तळाचा प्लाय चौकोनात कापून काढला, आमच्या खुणेच्या भरपूर बाहेर, तेव्हा जो वास आला तो अजून नाकात आहे. कुबट म्हणावा तर तसा नाही, वाईटही नाही. पावसाळी रानात पडक्या ओंडक्यापाशी येतो तसा, गोडसर, मातकट. फोमचा तुकडा उचलला तर पिळल्यासारखं पाणी निथळलं. लाकडी पट्टीला बोट लावलं तर तिचे उभे-आडवे तडे जाऊन बारीक बारीक चौकोनी ठोकळे सुटले, तपकिरी, कोरडे, हातात धरले की पीठ. ही एका जातीच्या बुरशीची सही. ती लाकडातला सेल्युलोज खाते आणि ज्याने लाकडाला तपकिरी रंग येतो तो लिग्निन मागे टाकते. पट्टीचा आकार शेवटपर्यंत तसाच राहतो. तिच्यातलं बळ तेवढं गेलेलं असतं.

पाणी कुठून आलं हे शोधायला आम्हाला चार दिवस लागले. कुजलेल्या जागेच्या वर काहीच नव्हतं. शेवटी कळलं, ते दीड मीटर पुढे, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून येत होतं. तिथला रबरी सील कडक होऊन केसभर सुटला होता. थेंब भिंतीच्या आतून खाली उतरायचा, तळपट्टीला लागायचा आणि उताराने मागे सरकत चाकाच्या कमानीपाशी थांबायचा. किती वर्षं, कोण जाणे. पहिलं काम म्हणून तो सील बदलला. वरून पाणी येत असताना खाली नवी पट्टी लावणं म्हणजे बुरशीला नवं ताट वाढणं.

मग वाट पाहायची होती. लाकडाचा ओलावा मोजायचं छोटं यंत्र असतं, दोन टाचण्या लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. वीस टक्क्यांच्या खाली बुरशीची वाढ थांबते, तिशीच्या आसपास तिला सगळं मनासारखं मिळतं. चांगल्या उरलेल्या पट्ट्यांवर पहिल्या दिवशी आकडा आला सत्तावीस. पंखे लावले, तळ उघडा ठेवला, वरचं पायपुसणं अर्थातच काढलं. त्याच्या खालचा प्लाय बाकी जमिनीपेक्षा गडद होता, अगदी त्याच्याच मापाचा आयत. रबराच्या थराने वरून वाफ जाऊ दिली नव्हती. तो आयत बघून मी बराच वेळ तिथे बसून राहिले. आठवड्याने चोवीस. मग तेवीसवर अडकला. नवरा रोज सकाळी चहाआधी आकडा घ्यायचा आणि काही न बोलता भिंतीवरच्या कागदावर लिहायचा.

त्या रिकाम्या संध्याकाळी मी बरंच वाचलं. मला एक प्रश्न सोडत नव्हता. जिथे लोखंडी बोल्ट लाकडातून आरपार गेला होता, तिथेच लाकूड सगळ्यांत वाईट का? भोवतीचं लाकूड निळसर काळं, तंतू सुटे, कापसासारखे. बुरशीच्या ठोकळ्यांसारखं नव्हे, निराळंच. वाचताना स्टॉकहोमचं 'वासा' नावाचं जहाज भेटलं. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीला निघालेलं ते लढाऊ जहाज बंदरातच बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं, तब्बल ३३३ वर्षांनी. लाकूड टिकलं, कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही आणि चिखलात हवाही फारशी नव्हती. पूर्ण कोरडं लाकूड टिकतं, पूर्ण बुडालेलंही टिकतं. कुजतं ते या दोन्हींच्या मधे लटकलेलं. पण जहाजाचे मूळचे लोखंडी बोल्ट पाण्यात गंजून गेले होते आणि ते लोखंड ओकच्या लाकडात भिनून राहिलं. सतरा वर्षं रसायनाची फवारणी करून जपलेल्या त्या लाकडात २००० साली आम्ल तयार होताना दिसलं. लाकडात साठलेलं गंधक आणि हे लोखंड यांच्या मेळातून. १९६० च्या दशकात बसवलेले बोल्टही पुढे गंजले आणि पाच हजारांहून जास्त बोल्ट एकेक करून बदलावे लागले. म्हणजे ओल्या जागी लोखंड आणि लाकूड एकमेकांना बांधून ठेवलं की लाकडातली आम्लं लोखंड खातात आणि गंजातलं लोखंड लाकडाचे तंतू तोडतं. आमच्या गाडीत वरून झिरपणारं पाणी बोल्टच्या वाटेने लोखंडापर्यंत पोचत होतं, आणि लेपामागे साचलेलं पाणी त्याच वाटेने लाकडात. कोणी कोणाला आधी बिघडवलं हे सांगता आलं नसतं.

उरलेल्या चांगल्या लोखंडावर आम्ही गंज परतवणारं द्रव्य लावलं, तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. वायर ब्रशने सुटा गंज काढायचा आणि मग ब्रशने ते दुधट पाणी फासायचं. त्यात टॅनिक आम्ल असतं, झाडांच्या सालीत असतं तेच. काही मिनिटांत तपकिरी रंग जांभळा होतो, मग निळा, मग काळा. मी पहिल्यांदा नुसती बघत राहिले. हे डोळ्यांदेखत शाई तयार होणं आहे. शेकडो वर्षं जुन्या हस्तलिखितांना वापरलेली काळी शाई लोखंडाचा क्षार आणि झाडाचं टॅनिन मिसळूनच करत. आणि त्यातल्या काही हस्तलिखितांत आज अक्षरांच्या जागी भोकं पडली आहेत, कारण शाईतल्या लोखंडाने आणि आम्लाने कागद खाल्ला. कागदही शेवटी वनस्पतीचा तंतूच. काळा झालेला तो आडवा हात पाहून बरं वाटलं, तरी त्या रात्री ठरवलं की नव्या जमिनीत लोखंड आणि लाकूड कुठेही थेट टेकू द्यायचे नाहीत. प्रत्येक टेकणीवर रबराची पट्टी.

आकडा सोळावर आला त्या सकाळी नवऱ्याने कागदावर तो दोनदा लिहिला.

वेल्डिंग मी करायचं ठरलं, कारण माझा हात स्थिर आहे आणि त्याची पाठ दुखते. तयारीलाच एक दिवस गेला. गॅसच्या टाक्या काढून लांब ठेवल्या, बॅटरीच्या तारा सोडवल्या, जवळून जाणारी प्रत्येक वायर आणि इंधनाची नळी बाजूला घेऊन झाकली, फोम जिथे उघडा होता तिथे ओलं जाड कापड बसवलं. भिंत खचू नये म्हणून फळी आडवी देऊन तिच्याखाली दोन जॅक, आणि माझ्या अंगावर काही येऊ नये म्हणून भक्कम लोखंडी स्टँड. एका वेळी एकच हात कापायचा, दुसरा जागेवर ठेवायचा, म्हणजे माप चुकत नाही. तरी भीती होती ती आगीची. खाली ठिणगी उडते तेव्हा वर, जमिनीच्या पलीकडे काय होतंय ते खालच्याला दिसत नाही. म्हणून नवरा आत बसला, बादलीभर पाणी आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन, तळवे जमिनीवर टेकून. मास्क आणि ग्राइंडरच्या आवाजात हाका ऐकू येत नव्हत्या. मग आम्ही ठरवलं, टाचेचा एक ठोका म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे थांब.

डोक्यावरचं वेल्डिंग म्हणजे वितळलेलं लोखंड खाली पडायला बघतं आणि आपण त्याला वर थांबवून धरतो. लांब टाका चालत नाही. छोटा टाका, थांबायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा. मास्कच्या काचेतून फक्त एक हिरवा उजेड दिसतो, बाकी सगळा अंधार. त्या अंधारात प्रत्येक टाक्यानंतर मी थांबायचे आणि वरून ठोका यायचा. एक. पुढचा टाका. एक. मानेपाशी कपड्यांतून एक ठिणगी आत गेली आणि खांद्यापाशी विझली, तेव्हा मी ओरडले असणार, कारण वरून दोन ठोके आले, मग तो स्वतःच खाली धावत आला. एकदाच दोन ठोके खरे होते. कापडाच्या कडेला फोमचा एक कोपरा धुमसला होता आणि त्याने तो ओंजळभर पाण्याने विझवला. त्या दिवशी आम्ही काम लवकर थांबवलं. रात्री झोपायच्या आधी दोघांनीही वेगवेगळं जाऊन तो कोपरा हात लावून पाहिला.

लाकडाचं काम त्या मानाने शांत. उरलेल्या पट्ट्यांना बोरॉनच्या क्षाराचं पाणी पाजलं, बुरशीसाठी. जुन्या पट्टीच्या शेजारी नवी, चांगल्या लाकडापर्यंत बरीच आत नेऊन, चिकटवून आणि स्क्रू मारून. लाकूड कापलेल्या टोकाने पाणी पितं, कडेने पितं त्याच्या कितीतरी पट. म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला इपॉक्सी, दोनदा. हे बाबा मेणाने करायचे. कामाच्या शेवटी, दिवस मावळताना, उरल्या मेणबत्तीचा तुकडा टोकांवर घासत बसायचे आणि तेव्हा त्यांच्याशी बोललेलं त्यांना आवडत नसे. इपॉक्सी लावताना मीही काही बोलले नाही. नवा तळ मरीन प्लायचा घेतला. त्यातला गोंद बाहेर वापरायच्या चांगल्या प्लायसारखाच असतो, पण आतल्या थरांत पोकळ्या नसतात, आणि पाणी बसायला पोकळीच तर शोधतं.

यावेळी डांबरी लेप लावला नाही. लोखंडाला आधी जस्ताचा प्रायमर, मग रंग, आणि पोकळ भागांत लांब नळीने पातळ मेण. तळाची छिद्रं एकेक करून तारेने उघडी केली होती, त्यांतून जास्तीचं मेण थेंबाथेंबाने बाहेर यायला लागलं तेव्हा समजलं की आत सगळीकडे पोचलंय. मी खाली पडून ते थेंब मोजत होते. दर वर्षी पावसाळ्याआधी इथे यावं लागेल, हे लेपासारखं वर्षानुवर्षं टिकत नाही. टिकायला नकोच आहे. मला दर वर्षी खाली यायचं आहे.

संध्याकाळ होत आली होती. नवरा आत पलंग जागेवर ढकलत होता, त्याची पावलं डोक्यावरून इकडून तिकडे जाताना ऐकू येत होती. मग ती पलंगाच्या पायथ्याशी थांबली. थोडा वेळ काहीच नाही. मी डावा तळवा वर नेऊन नव्या प्लायला लावला.

टाचेचा एक ठोका आला. खण्.